खरखरीचे माहेर

लघुलहरींवरचे (शॉर्टवेव्हचे) प्रसारण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून निघते, दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून, खाली परतते, समुद्रावरून पुन्हा वर उसळते, आणि असे टप्पे घेत हजारो किलोमीटरची मजल मारून माझ्या खिडकीपर्यंत धडधाकट पोहोचते. तिथून टेबलावरच्या रेडिओपर्यंतच्या दहा फुटांत मात्र ते गतप्राण होते. माझ्या हाती लागलेली रेडिओची पुस्तके या दहा फुटांविषयी फारसे बोलत नाहीत. आयनांबराचे थर, सूर्यावरचे डाग आणि त्या डागांचे सुमारे 11 वर्षांचे चक्र यांवर पानेच्या पाने असतात. त्याचाही एक फायदा आहे. स्टेशन लागले नाही की सगळे सूर्यावर ढकलता येते, आणि घरातले कोणी खातरजमा करायला जात नाही.

रेडिओ नीट ऐकू येत नसेल तर लांब तार टांगावी, हा सल्ला रेडिओशी काडीचा संबंध नसलेला माणूसही देतो. हिशेब सोपा आहे. 300 ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 6 मेगाहर्ट्झला 50 मीटर, म्हणजे अर्ध्या लहरीची अँटेना 25 मीटरच्या आसपास. एवढी सरळ रेषा इमारतीत कुठेच नसते, हे ती शोधायला लागल्यावर कळते. अखेर माझी तार गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत गेली आणि तिथून काटकोनात वळून खाली खिडकीत उतरली. रेडिओला जोडताच सिग्नलचा काटा पार उजव्या टोकाला जाऊन टेकला. मला झालेला आनंद अल्पायुषी ठरला, कारण निवेदकाचा आवाज आणि खरखर यांतला फरक काट्याला कळत नाही. स्टेशन वाढले होते, पण खरखर त्याच्याहून अधिक वाढली होती. शिवाय मध्यमलहरींवरचे एक दांडगे केंद्र लघुलहरींच्या पट्ट्यात भलभलत्या जागी बोलू लागले. लहान रेडिओच्या तोंडात एवढा मोठा घास कोंबला की कोण कुठून बोलतो आहे याचे भान त्याला राहत नाही.

मग ‘अर्थिंग केले आहे का?’ हा प्रश्न आला. तो विचारणाऱ्याला उत्तर नकारार्थी येणार हे आधीच ठाऊक असते. तांब्याची सळई ओलसर जमिनीत खोल ठोकायची, जाड तारेने ती रेडिओला जोडायची आणि माती कोरडी पडू लागली की पाणी घालायचे, असा हा विधी आहे. उघड्या जमिनीतल्या सळईला झारीने पाणी घालणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष वेधून घेतो.

“काय लावलंय?” तळमजल्यावरच्या काकांनी विचारले.

“अर्थिंग,” मी म्हणालो.

काकांनी थोडा वेळ सळईकडे निरखून पाहिले. “ऊन पुरेल का त्याला इथे?”

खरी मेख तारेत होती. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. सळईपासून रेडिओपर्यंत तार साधारण दहा मीटर भरते, आणि दहा मीटर म्हणजे साडेसात मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग. पाव लहरीच्या तारेचे खालचे टोक जमिनीला कितीही घट्ट बांधले, तरी त्या वारंवारतेपुरती वरच्या टोकाला जमीन लागतच नाही; सळईला घातलेले पाणी अक्षरशः पाण्यात जाते. उलट ती तारच दुसरी अँटेना होऊन बसते, आणि तीही प्रत्येक मजल्याच्या खिडकीला खेटून वर आलेली. तिच्या कृपेने कोणाकडे मिक्सर केव्हा फिरतो, लिफ्ट केव्हा निघते आणि काका रात्री दिवा केव्हा मालवतात, हे मला जगाच्या बातम्यांऐवजी ऐकू येऊ लागले. एका हितचिंतकाने भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग वापरण्याचे सुचवले. ते माणसाला शॉक बसू नये म्हणून असते. घरभरच्या उपकरणांचा विद्युत कचरा त्याच तारेतून वाहतो, आणि तिच्याशी खेळण्याइतकी माझी श्रवणभक्ती पराकोटीला गेलेली नाही.

खरखरीचा उगम शोधणाऱ्यांत एक थोर माणूस होऊन गेला. कार्ल जान्स्की हा बेल लॅबोरेटरीजचा अभियंता. अटलांटिकपलीकडे चालणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून शिरते, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने फोर्ड गाडीच्या चाकांवर गोल फिरणारी अँटेना उभारली, 20.5 मेगाहर्ट्झवर कान लावला, जवळच्या आणि दूरच्या वादळांचा कडकडाट वेगळा काढला आणि उरलेली मंद सळसळ आकाशगंगेच्या मध्याकडून येते, असे 1933 मध्ये जाहीर केले. रेडिओ खगोलशास्त्राचा प्रारंभ तिथून झाला. मीही तशाच चिकाटीने शोध घेतला, तेव्हा माझी खरखर स्वयंपाकघराच्या ओट्याकडून, मोबाइलच्या चार्जरमधून येत असल्याचे निष्पन्न झाले.

शोधाची रीत अशी आहे की रेडिओ बॅटरीवर लावायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि मग एकेक उपकरण सुरू करत जायचे. मेन बंद झाल्याबरोबर खरखर अंगावरचे ओझे उतरल्यागत गळून पडली, आणि जिथे काहीच नव्हते तिथे एक बाई अनोळखी भाषेत अत्यंत शांतपणे बातम्या देत असल्याचे आढळले. “लागलं!” मी अंधारात ओरडलो.

“अगं बाई, कुठे?” आतून आवाज आला. “हळद लावू का?”

वीज परत आली आणि गुन्हेगार एकेक करून पुढे आले. चार्जर डायलवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा गुणगुणतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात प्रवाह तोडून जोडतो, त्यामुळे 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 फटके ऐकू येतात. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे पट्टाभर सारखेच सळसळतात.

“अहो, पण बातम्या मोबाइलवर येतात ना?”

“येतात. पण तो चार्जिंगला लावला की रेडिओवर येत नाहीत.”

अखेर उपयोगी पडले ते अंतर. अँटेना आता घरापासून लांब, गच्चीच्या टोकाला आहे. तिच्या पायथ्याशी तिचा केबलशी मेळ घालणारा 9:1 प्रमाणाचा लहानसा ट्रान्सफॉर्मर आहे, जमिनीतल्या सळईशी नाते तोडून गच्चीवरच आडवी पसरलेली एक तार आहे, आणि खाली येते ती कोअॅक्स केबल, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली. तेवढ्यानेही भागत नाही, कारण घरातली खरखर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वर चढून अँटेनापर्यंत जाते. तिला अडवण्यासाठी केबलचे वेढे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून काढावे लागतात. कनेक्टर आधी बसवलेला असेल तर तो कड्यातून जात नाही, आणि कनेक्टर नेहमी आधीच बसवलेला असतो. विजा चमकू लागल्या की केबल रेडिओपासून सोडवून घराबाहेर ठेवायची, हा नियम मात्र मी विनातक्रार पाळतो.

रेग्युलेटरशीही तडजोड झाली आहे. पंखा पूर्ण वेगात असला की रेग्युलेटर जवळजवळ गप्प असतो, म्हणून थंडीतही रात्रीच्या बातम्या मी भन्नाट पंख्याखाली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून ऐकतो. आता जिन्यातले सगळे दिवे बदलून एलईडी बसवण्याचा ठराव इमारतीच्या सभेत प्रचंड बहुमताने मंजूर झाला आहे. विरोधात एकच मत पडले, आणि विरोधाचे कारण परदेशी असल्याची नोंद सेक्रेटरींनी इतिवृत्तात केली आहे.