फुटबॉल खेळून मुलींना मूल होत नाही म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

मागच्या आठवड्यापासनं एक मेसेज फिरतोय, पेठेच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, तुमच्याकडंपण आला असेल. वर "मुलींच्या पालकांनो सावधान" आणि खाली पाच मुद्दे. एक, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना पुढं मूल होत नाही, डॉक्टरांनी हे सिद्ध केलं म्हणूनच इंग्लंडनं ५० वर्षं बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली होती. दोन, भारतात मुलींचं फुटबॉल हे आत्ता चार-पाच वर्षांतलं फॅड आहे, टीम एशियन कपला पोचली तीपण कोट्यातनं. तीन, आपल्या मुली अमेरिकेकडनं ८-० हरल्या म्हणजे हा त्यांचा खेळच नाही. चार, गुडघे जातात. पाच, ना पैसा ना नोकरी. शेवटी दहा जणांना पाठवा.

एरवी असलं काही आलं की मी डिलीट मारते. पण हे आमच्या वहिनीनं वाचलं. माझी भाची चिऊ तेरा वर्षांची आहे, दोन वर्षं झाली रोज सकाळी गांधी मैदानावर खेळायला जाते. रविवारी दादाकडं गेले तर तिचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, माळ्यावर, कॅरीबॅगेत गाठ मारून ठेवलेले, तळाला मैदानाचा चिखल तसाच वाळलेला. वहिनी म्हणाली, "अगं पोरीची जात हाय, उद्या काय कमी-जास्त झालं तर लोक मलाच इचारणार, कशाला सोडलीस खेळायला." चिऊ काहीच बोलली नाही. मी निघताना जिन्यात येऊन हळूच सांगितलं, आत्या, शिनगार्ड (नडगीला बांधायचे) दप्तरात लपवून ठेवलेत. तेव्हापासनं डोकं फिरलंय माझं.

तर पहिला मुद्दा. मी याच्यावरच जास्त बोलणार कारण बाकीच्या चार मुद्द्यांनी कुणाचे स्टड माळ्यावर जात नाहीत, याच्यानं जातात. फुटबॉल खेळल्यानं मूल होत नाही हे साफ खोटं आहे. गर्भाशय ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं, धावल्यानं किंवा बॉल मारल्यानं ते सरकत नाही आणि निकामी तर अजिबात होत नाही. एक गोष्ट खरी आहे ती मान्य करते, मुलगी खूप खेळली आणि त्या मानानं पोटाला खाल्लं नाही तर पाळी मागंपुढं होते, कधी थांबतेसुद्धा. पण त्याला इलाज म्हणजे ताटात वाढवणं आणि डॉक्टरांना दाखवणं, खेळ बंद करणं नव्हे.

आणि पुरावा पाहिजे तर हा घ्या. १९९९ च्या बायकांच्या वर्ल्डकपची फायनल, अमेरिका विरुद्ध चीन, स्टेडियममध्ये ९०,१८५ माणसं, मॅच ०-० आणि टायब्रेकर. अमेरिकेकडनं पहिली पेनल्टी मारली कॅप्टन कार्ला ओव्हरबेकनं, तिला तेव्हा लहान मुलगा होता. दुसरी मारली जॉय फॉसेटनं, ती दोन मुलींची आई होती आणि नंतर तिला तिसरीपण झाली. दोघींच्या पेनल्टी गोल, आणि अमेरिका वर्ल्ड चॅम्पियन. आत्ताच्या काळातलं बघायचं तर ॲलेक्स मॉर्गनला मे २०२० मध्ये मुलगी झाली आणि पुढच्याच वर्षी ती टोकियो ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आली.

याहून मोठा पुरावा खुद्द फिफाचा, म्हणजे जगभरचं फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेचा आहे. १ जानेवारी २०२१ पासनं फिफाचा नियमच आहे की खेळाडू गरोदर राहिली तर क्लबनं तिला कमीत कमी १४ आठवडे पगारी रजा द्यायची, पगाराचा दोन तृतीयांश भाग तरी द्यायचा, गरोदर आहे म्हणून काढायचं नाही आणि बाळंतपणानंतर परत टीममध्ये घ्यायचं. खेळून मूल होतच नसेल तर जगातल्या सगळ्या क्लबांसाठी हा नियम लिहायची वेळ का आली? हे एवढं एकच त्या मेसेजवाल्यानं सांगावं.

आता इंग्लंडची बंदी. बंदी होती, हे खरं, आणि जवळजवळ ५० वर्षं होती हेपण खरं. पण कारण ऐका. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, बायका कारखान्यात लागल्या आणि कारखान्यांच्या टीम झाल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर कंपनीच्या बायकांची मॅच २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर झाली तर ५३,००० लोक आत आणि हजारो बाहेर. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, चॅरिटी मॅचच्या पैशाबद्दल तक्रारी आहेत, सबब क्लबांनी त्यांना ग्राउंड देऊ नये. काही डॉक्टर तेव्हा बायकांना हे झेपणार नाही असं म्हणत होते, तेपण मान्य, पण मत सांगणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, सिद्ध कुणी काही केलं नव्हतं. ब्राझीलनं १९४१ ते १९७९ अशीच बंदी ठेवली, जर्मनीनं १९५५ ते १९७०. तिन्ही देशांनी ती उठवली. त्याच जर्मनीच्या बायकांनी २००३ आणि २००७ चा वर्ल्डकप जिंकला आणि इंग्लंडच्या बायकांनी २०२२ आणि २०२५ चा युरो, म्हणजे युरोपचा कप.

दुसरा मुद्दा वाचून मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण आपल्याच बायकांचं आपल्यालाच माहीत नाही. चार-पाच वर्षांचं फॅड? बायकांच्या फुटबॉलची वेगळी फेडरेशन आपल्याकडं १९७५ ला झाली. एशियन चॅम्पियनशिप १९८० ला आपल्या देशात, कालिकतला झाली, भारताच्या मुली फायनलला गेल्या आणि तैवानकडनं २-० हरल्या. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसऱ्या आल्या. १९८३ ला बँकॉकमध्ये परत फायनल, थायलंडकडनं हरल्या. त्याच वर्षी शांती मलिकना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळालेली ती पहिली महिला फुटबॉलपटू, आणि दुसरी कोण तर मणिपूरची बेमबेम देवी, २०१७ ला! मधली ३४ वर्षं कुणालाच नाही. बायकांची ही फेडरेशन मुख्य ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या बाहेर होती, मुख्य फेडरेशननं कारभार हातात घेतला नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला, म्हणून आधीच्या पोरींचं कुणी नावसुद्धा काढत नाही. त्यानंतरपण आबाळ होतीच, २००९ ला टीमला दीड वर्षावर मॅचच मिळाली नाही म्हणून फिफाच्या रँकिंगमधनं नाव गेलं. आणि तरी २०१० पासनं सलग पाच सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाच्या, चॅम्पियनशिप जिंकल्या त्यांनी.

आणि कोटा? २०२२ चा एशियन कप आपल्याकडं, मुंबई-पुण्यात होता, तेव्हा यजमान म्हणून थेट प्रवेश होता हे खरं. इराणबरोबर ०-० झाली, मग टीममध्ये कोविड निघाला, तैवानच्या मॅचला नियमाप्रमाणं लागणाऱ्या १३ पोरीपण उभ्या करता आल्या नाहीत आणि स्पर्धेतनंच बाहेर. पण २०२६ चं तिकीट त्यांनी खेळून काढलंय. थायलंडात चियांग माईला क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी झाली, तिथं मंगोलियाला १३-०, तिमोरला ४-०, इराकला ५-०, आणि ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच ग्राउंडवर २-१. रँकिंगमध्ये थायलंड तेव्हा आपल्या वर, दोन वर्ल्डकप खेळलेली टीम. संगीता बासफोरनं दोन्ही गोल मारले, दुसरा तर १-१ असताना ७४ व्या मिनिटाला हेडनं. मी तो गोल मोबाईलवर बघितला, चिऊ शेजारीच होती, तिनं एवढी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. क्वालिफायर जिंकून एशियन कप गाठायची ही भारताची पहिलीच वेळ, चार मॅचमध्ये २४ गोल मारले आणि एकच खाल्ला.

८-० हे खरं. ती १७ वर्षांखालची टीम होती, २०२२ चा वर्ल्डकप, भुवनेश्वर. अमेरिकेच्या मुली सहा-सात वर्षांच्या असल्यापासनं क्लबात खेळतात, आपल्याकडं तेरा वर्षांच्या मुलीचे स्टड माळ्यावर ठेवतात. फरक तिथनंच पडायला लागतो.

गुडघ्याचं अर्धं खरं आहे. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतं. पण त्यावर फिफानंच वॉर्मअप तयार केलाय, इलेव्हन प्लस नावाचा, २० मिनिटांचा, आठवड्यातनं दोनदा तरी करायचा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर तपासून बघितला, २००८ ला बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. चिऊच्या वयाच्या मुली त्या, वहिनी.

पैसा कमी आहे, नाही म्हणत नाही. पण बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडनं खेळली, मनीषा कल्याण सायप्रसला जाऊन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा खेळली, आणि पोलीस, सशस्त्र सीमा बल, रेल्वे यांच्यात खेळावर नोकऱ्या लागतात.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलंय. वहिनी, निळ्या टिका दिसल्यात मला. उद्या सकाळी सहाला चिऊला घ्यायला येतेय, ती पिशवी माळ्यावरनं काढून ठेव, आणि जमलं तर तूपण चल मैदानावर.