आता कोणी 'किती पडले' विचारलं तं बघा

इंजिनिअरिंगला जायची राज्याची परीक्षा, एमएचटी-सीईटी, तिच्यात पडले ८६. मार्क नाही, पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ८६ जण माझ्या बरोबरीने नाहीतर मागे. याउपर हा फरक मी कोणालाच समजावणार नाही, कारण निकाल लागल्यापासून किराणा दुकानापासून बसस्टँडपर्यंत तेच चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "८६ म्हणजे चांगलेच पडले ना वं पोट्टे, मंग तोंड काऊन पाडून बसली?" काकू, अमरावतीच्या गव्हर्नमेंट कॉलेजची मागच्या वर्षीची कटऑफ यादी, म्हणजे शेवटची सीट किती पर्सेंटाइलला गेली ती, उघडा, कॉम्प्युटरच्या ओळीवर बोट ठेवा, मग बोला. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय ही नावाजलेली इंजिनिअरिंग कॉलेजं तं सोडाच, तिथे कॉम्प्युटरला ९९च्या वरच्यांचीच मारामारी.

त्यात निकाल येतो दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत. सात! बाबांचा कापूस काट्यावर चढतो तेव्हा व्यापारी क्विंटलमागे किलो-दीड किलो कटती बिनदिक्कत मारतो, कोणी हूं का चूं करत नाही. आमचं डोकं मात्र कोटीव्या हिश्श्यापर्यंत मोजलं गेलं पाहिजे.

बरं, मोजा. पण मोजायच्या आधी शिकवलं कोणी? आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला फिजिक्सला सरच नव्हते. दिवाळीनंतर तासिका तत्त्वावर एक आले, संक्रांतीपर्यंत टिकले, गेले. त्यांना तरी काय बोलणार, मानधन महिनोन्महिने निघत नाही. वर्गात नावं ऐंशी, बाकावर आम्ही बारा-पंधरा. बाकीचे लातूर, अकोला, नागपूरला क्लासमध्ये. नाव इथे, प्रॅक्टिकलचे मार्क इथे, अभ्यास तिकडे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, तरी हजेरीपटावर ते रोज हजर. मी खरोखर हजर असायची. त्याचे किती पर्सेंटाइल?

सीईटीचा पेपर कॉम्प्युटरवर. आमच्या लॅबला कुलूप, किल्ली बाबूंकडे, बाबू कधी जागेवर नाही. खिडकीच्या जाळीतून मॉनिटर दिसायचे, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेले. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकेक २ मार्कांचा. शेजारचा पोरगा टकटक टकटक पुढे चाललेला, आणि मी स्क्रीनवर मागचा प्रश्न कुठे गेला ते शोधतेय. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून शेवटच्या मिनिटांत उरलेल्यांवर डोळे मिटून क्लिक मारत सुटले. याला मेरिट म्हणायचं.

बारावीला ८१ टक्के आहेत. उपयोग? पात्रतेपुरता. खुल्या वर्गाला ४५, राखीवला ४०, तेवढे असले की बारावीचं काम संपलं. अख्खी दोन वर्षं एकीकडे, सीईटीचे तीन तास दुसरीकडे. आणि पेपर तरी धड असतो का? २०२५ला २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टमध्ये गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले, त्या पोरांना ५ मेला परत बसवलं. आमचे दोन प्रश्न चुकले तं कॉलेज हातचं जाते. त्यांचे २१ चुकले तं फक्त नवी तारीख निघते.

वरून मामाचा फोन. "पोरींची फी माफ झाली ना, तुले कायचं टेन्शन?" झाली. २०२४-२५पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांतल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, आणि ते चांगलंच केलं, त्यात वाद नाही. पण आधी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, सीट तं लागू द्या! आणि पुण्यातली खोली, मेस? जीआरमध्ये डबा नाही मिळत, मामा.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचा. पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला तं तोच घ्यावा लागते, म्हणून घरात रोज रात्री परिषद भरते. बाबा म्हणतात यवतमाळ वर टाक, घरून येणं-जाणं जमेल. दादा म्हणतो चंद्रपूर. आईला फक्त होस्टेलला भिंत आहे का एवढंच पाहिजे. नॉन-क्रिमीलेअरचं सर्टिफिकेट तिकडे सेतू केंद्रात पडून आहे, रोज एकच उत्तर, सर्व्हर डाऊन.

मी अमरावतीचं कॉम्प्युटर पहिल्या नंबरवर टाकलं. कॅफेवाला दादा म्हणाला, "ताई, कायले जागा वाया घालवते?" माझा फॉर्म आहे, घालवीन.