रिटेनिंग वॉलचं मॉडेल झटपट कसं उरकावं

मागच्या आठवड्यात माझ्याकडे चेकिंगला एक रिपोर्ट आला. पाच मीटर उंचीची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, ऐंशी पानं, त्यातली बहुतेक सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत काँटूरचीच. मी तर धन्य झालो, म्हटलं ही विद्या नव्या पोरांपर्यंत पोचायलाच हवी.

तर सगळ्यात आधी फाय, म्हणजे मातीचा घर्षणकोन, ३० अंश घ्या. मुरूम असो, काळी माती असो, पाडकामाचा राडारोडा असो, ३०च. केए, म्हणजे भिंत जराशी सरकली की माती तिला किती ढकलते त्याचा गुणांक, बरोब्बर एक तृतीयांश येतो, हिशोब सुटसुटीत. फाय मोजायची शिअर टेस्ट काय, लॅबवाल्यांचं पोट भरायला असते.

बेसमेंटची वॉल स्लॅबने धरलेली आहे, जागची हलणारच नाही? तरी ॲक्टिव्ह प्रेशरच, म्हणजे तो केएच लावा. के-नॉटने, म्हणजे न हलणाऱ्या भिंतीच्या गुणांकाने, ०.५ येतो, स्टील वाढतं आणि बिल्डर चिडतो.

मेश, म्हणजे मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी, जाडच ठेवा, घरी लवकर जायचंय.

आता पाणी. बोअर मे महिन्यात मारा, म्हणजे 'पाणी लागलं नाही' असं आपोआप लिहून येतं, मग वॉटर टेबल, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी, पार तळाशी ढकलायला आपण मोकळे. वीपहोल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढणारी भिंतीतली भोकं, ड्रॉइंगमध्ये आहेतच की, साइटवर मागे फिल्टर न टाकता काळी माती लोटली आणि प्लास्टरवाल्याने अर्धी भोकं लिंपून टाकली तर काय फरक पडतो? पडतो ना! कोरडा मुरूम १८ किलोन्यूटन घनमीटरला, तुमचाच एक तृतीयांश धरला तर पाच मीटरची वॉल मीटरमागे ७५ किलोन्यूटनने ढकलली जाते. मागे वरपर्यंत पाणी तुंबलं की नुसतं पाणीच १२५ ढकलतं, शिवाय भिजलेल्या मुरमाचे चाळीसेक वेगळे, म्हणजे दुपटीच्या वर, आणि हे रँकिनच्या १८५७ च्या फॉर्म्युल्याने वहीच्या कोपऱ्यात येतं हो, त्याला सॉफ्टवेअरच्या मेशमधले पंधरा नोडचे त्रिकोण लागत नाहीत की लायसन्स लागत नाही. आणि हे रिपोर्टवाले लिहितात स्लायडिंगला, म्हणजे भिंत घसरण्याविरुद्ध, सेफ्टी फॅक्टर १.५२. दोन दशांश! पाणी धरलं तर तो एकच्या खाली जातो.

जाऊ दे, गंमत पुरे. २९ जून २०१९ ला पावसात पुण्यातल्या कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ माणसं झोपेत गेली. हे माहीत असून पुण्यात बसून तुम्ही कोरडी माती धरता? 'सॉफ्टवेअरमध्ये पास होतंय सर' हे मला फोनवर ऐकवू नका, इनपुट तुम्ही भरलंय. जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणारा पायझोमीटर टाका आणि पावसाळाभर रीडिंग घ्या, ते जमत नसेल तर पाणी वरपर्यंत धरून परत रन करा. तोवर फाइल माझ्याकडे पाठवायची नाही, सही मिळणार नाही.