अर्थिंग धरत नाही

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात गाड्यांच्या वायरी पाण्याने सडतात असं कोकणातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. हसू द्या. त्यांच्याकडे समुद्र आहे, आमच्याकडे बोअर. ज्या पाण्याने बादलीच्या कडा पांढऱ्या पडतात, तेच वॉशिंग सेंटरवाला प्रेशरने कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोबणीच्या) पोटात घालतो. वर आपणच सांगतो, "भाऊ, बॉनेट उघडून आतूनपण मारा की जरा."

मग गाडीची नाटकं सुरू. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प डोळा मारतो. मागच्या दिव्याची अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, गंजली की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो शेजारच्या बल्बमधून घुसून घर गाठतो. एवढंच असतं. पण चौघांना विचारा, चौघंही बॉनेटला हात न लावता सांगतील, "बॅटरी गेली राव." बॅटरी बिचारी १२.६ व्होल्ट दाखवत गप बसलेली असते.

म्हणून माझं म्हणणं, बॅटरीच्या दुकानाआधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. २० व्होल्ट डीसीवर ठेवा, बिघडलेला दिवा लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, गंज त्यांच्या मधेही असतो), दुसरं होल्डरच्या अर्थ वायरीवर. आकडा ०.२ च्या वर गेला की चोर सापडला. पीं-पीं वाजणाऱ्या सेटिंगवर मात्र विसंबू नका. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी ते आनंदाने पीं करतं. ५५ वॅटचा हेडलाइट तिच्याकडे साडेचार अँपिअर मागतो तेव्हा खरं काय ते कळतं.

अर्थचा बोल्ट खोला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा चकचकीत होईस्तोवर घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

कपलर मात्र नाजूक. पिनांवर बहुधा कथलाचा पातळ थर असतो, तांब्याच्या पातेल्याला कल्हई असावी तसा. पॉलिश पेपर मारला की कल्हई गेली आणि पिन पहिल्यापेक्षा लवकर हिरवी. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, कपलर चार-पाचदा काढा-घाला, वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहू देणारं, ओल अडवणारं ग्रीस. लिंबू-मीठ देवघरातल्या समईपुरतंच ठेवा. इथे आत राहिलेलं मीठ पुढच्या गंजाची सोय करून जातं.

वायर सोलली आणि आत तांबं काळं निघालं, तर गंज रबराखालून चालत गेलाय. चकाकी दिसेपर्यंत कापत जायचं आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडायचा. जोडावर काळी टेप? परभणीच्या मे महिन्यात तिचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते आणि पावसाळ्यात आत पाणी मुक्कामाला. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) घाला.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी येते, तिला बऱ्याचदा आपला दानशूरपणा कारण. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच घालायचं असतं. आपण गळ्यापर्यंत भरतो, तेही जारचं. उन्हात ॲसिड बाहेर येतं. दहा नंबरचा पाना घ्या. निगेटिव्ह आधी काढा आणि लावताना शेवटी लावा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकून दिवाळी होते. ग्लासभर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, झाकणं घट्ट, जुना ब्रश. फसफस थांबली की धुवा, पुसा.

शेवटी फ्यूज. गंजल्या जागी ओल शिरून शॉर्ट झाला की तो उडतो. तिथे १० अँपिअरचा लाल काढून ३० चा हिरवा ठोकणारे महाभाग आहेत. काही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. त्यांचा फ्यूज पुन्हा उडत नाही हे खरं. त्याचं काम मग वायरिंग करतं, आणि त्याचा स्पेअर फ्यूजबॉक्सच्या झाकणात मिळत नाही.