‘कुत्र्याला दुखत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. शीर्षक, ‘कुत्र्याचा पाय कापायची वेळ आली तर’. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात अडकलेला, ट्रॅक्टरखाली आलेला, थ्रेशरमध्ये पाय गेलेला कुत्रा विदर्भात गावोगाव आहे, त्यामुळे संदेश वाचणारेही भरपूर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्याला माणसाएवढं दुखत नाही, दुखलं असतं तर ओरडला असता. ऑपरेशनच्या आधी दुखण्याचं औषध देऊ नये. नंतरही थोडं दुखू द्यावं, म्हणजे तो जागेवर पडून राहतो. फारच वाटलं तर घरातली अंगदुखीची अर्धी गोळी द्यावी. पाय गेला की दुखणंही गेलं, तीन दिवसांनी औषध बंद. आणि शेवटी, तीन पायांचा कुत्रा जागलीच्या, म्हणजे रात्री शेत राखायच्या, कामाचा राहत नाही, तेव्हा खर्च करण्यापेक्षा त्याला ‘मोकळं’ करावं.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, पण यातल्या एका सूचनेनं कुत्रा मरू शकतो आणि बाकीच्यांनी त्याचे हाल होतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दुखलं असतं तर ओरडला असता.’

बाकीच्या पाचही सूचना याच समजुतीतून निघाल्या आहेत. कातडीतून आणि हाडाच्या आवरणातून दुखण्याची खबर मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे नेणारी व्यवस्था कुत्र्यात आणि माणसात जवळपास सारखीच आहे. माणसाची कितीतरी भुलीची औषधं कुत्र्यावर चालतात ती उगाच नाही. फरक आहे तो दाखवण्यात. ओरडणं हे ताज्या, अचानक उठलेल्या कळीचं लक्षण. चार दिवस मोडक्या पायानं काढलेला कुत्रा ओरडत नाही, गप्प होतो.

मालक हमखास सांगतो, “डॉक्टरसाहेब, हे तं चुपचाप पडून रायते जी. दुखत असतं तं बोंबललं नसतं काय?” आणि बैलगाडीखाली वाकून पाहावं तर कुत्रा पडलेला नसतोच, बसलेला असतो. पाठ वाकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. पेंग येते, मान खाली जाते, अंग जमिनीला टेकायला लागलं की दचकून पुन्हा उठून बसतो. ऊन उतरलं तरी धापा टाकतो. समोर सकाळची भाकर तशीच, तिला मुंग्या लागलेल्या. दुखऱ्या पायाच्या वीतभर वर नुसता हात नेला तर मान वळवून हाताकडे बघतो आणि ओठ चाटतो. तिथं हात थांबवला नाही तर तो चावतो, आणि मग घरचे म्हणतात कुत्रा पिसाळला.

हे सगळं मोजता येतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली एक गुणपट्टी जगभरचे पशुवैद्य वापरतात. आवाज, जखमेकडे लक्ष, चाल, जखमेभोवती दाबल्यावर काय करतो, मनःस्थिती आणि बसण्याची ढब, असे सहा प्रश्न. २४ पैकी ६ किंवा जास्त गुण झाले तर दुखण्याचं औषध वाढवायचं. चालवून पाहता येत नसेल तर २० पैकी ५. या २४ पैकी आवाजाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३ गुण आहेत. म्हणजे तोंडातून हूं की चूं न काढणारा कुत्रा २१ पर्यंत जाऊ शकतो.

‘ऑपरेशनच्या आधी औषध देऊ नये, भूल बिघडते.’

यात एक कण खरा आहे, तो आधी मान्य करतो. रक्त गेलेल्या, दोन दिवस पाणी न प्यालेल्या कुत्र्याला मेलोक्सिकॅमसारखं सूज उतरवणारं औषध दिलं आणि वरून भूल दिली, तर मूत्रपिंडाला धक्का बसू शकतो. अशा कुत्र्याला आधी सलाईन, मग बाकीचं. पण ही खबरदारी औषधांच्या एका गटापुरती आहे. ब्युटोर्फेनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखी अफूच्या कुळातली औषधं अशाही कुत्र्याला नीट बेतानं देता येतात, आणि त्यांनी भूल बिघडत तर नाहीच, उलट भुलीचं औषध कमी लागतं.

आधी का द्यायचं? दुखण्याची खबर तासन्‌तास, दिवसेंदिवस मज्जारज्जूवर आदळत राहिली की तिथल्या पेशी जास्तच जाग्या होतात. मग साध्या स्पर्शाचीही कळ बनते. जू घासून खांद्याला जखम झालेल्या बैलाला तिथं माशी बसलेलीही सहन होत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. कुत्र्याच्या मोडक्या पायात तेच चाललेलं असतं. या अवस्थेत पाय कापला तर पाय जातो, पण मज्जारज्जूत बसलेली ती सवय जात नाही. म्हणून सुरी लागण्याआधी औषध रक्तात असायला हवं आणि नस कापण्याआधी ती बधिर व्हायला हवी. पुढच्या पायासाठी काखेतल्या नसांच्या जाळ्याभोवती आणि मागच्या पायासाठी कमरेतून किंवा त्या नसेपाशी बुपिव्हाकेनसारखं बधिरीचं औषध टोचतात. त्याचा असर चारसहा तास तरी राहतो. केटामाइन हे भुलीचं औषध ऑपरेशनभर आणि नंतरही अगदी थोड्या मात्रेत सलाईनमधून चालू ठेवलं, तर तेही मज्जारज्जूतली ही वाढ रोखतं. पुढचा पाय काढलेल्या २७ कुत्र्यांवरचा असा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केटामाइन चालू होतं त्यांचं दुखणं १२ आणि १८ तासांनी कमी भरलं, आणि तिसऱ्या दिवशी ते जास्त हिंडतेफिरते होते.

ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत घरी होणारी आणखी एक गोष्ट संदेशात नाही, पण सांगायलाच हवी. मोडलेल्या पायाला बांबूच्या कमच्या लावून वरून सुतळीनं करकचून आवळतात. खालचा पंजा आधी सुजतो, मग थंड पडतो, मग काळा होऊन वास मारायला लागतो. जो पाय जोडता आला असता तो या आवळण्यामुळेच कापावा लागलेले कुत्रे मी पाहिले आहेत. बांधायचंच असेल तर भरपूर कापूस गुंडाळून सैल बांधा आणि बोटं उघडी ठेवा, म्हणजे सूज आणि गारवा कळतो. फाशाची तार मांसात रुतली असेल तर ती पूर्ण निघाल्याची खात्री करा. केसांखाली एखादा वेढा राहून जातो.

‘नंतर थोडं दुखू द्यावं, म्हणजे जागेवर राहतो.’

दुखणारा कुत्रा जागेवर राहत नाही, तो जखम चाटतो आणि टाके ओढतो. झोपत नाही, खात नाही, आणि न खाणाऱ्याची जखम भरत नाही. हालचाल कमी हवी हे खरं, पण त्यासाठी दोर आणि खोली आहे. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, दोरानं बाहेर न्यायचं आणि आणायचं, गळ्यात कॉलर ठेवायची. पहिले दोनतीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीनचार वेळा, एका वेळी दहा मिनिटं. हळद, चुना, जळकं ऑइल, डांबरगोळीची पूड यातलं काहीही टाक्यांवर नको. कुत्रा ते चाटतो.

‘घरातली अर्धी गोळी द्यावी.’

हीच ती जीवघेणी सूचना. घरातली गोळी म्हणजे बहुतेकदा कॉम्बिफ्लॅम, तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आपला गावठी कुत्रा साधारण १५ किलोचा. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी म्हटलं तरी दिवसाला दर किलोला २७ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन झालं. याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी मात्रा रोज दिल्यावरही कुत्र्यांच्या पोटात व्रण झालेले आहेत. मूत्रपिंडाचं नुकसान वेगळं. मांजराच्या बाबतीत तर विचारूच नका, पॅरासिटामॉलची एक गोळी तिचा जीव घ्यायला पुरते.

“पण मेलोक्सिकॅम तर कुत्र्याला चालते ना?” चालते, आणि चांगली चालते. पहिल्या दिवशी दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, पुढं रोज एकदा ०.१. १५ किलोच्या कुत्र्याला रोजचे दीड मिलिग्रॅम. माणसाची गोळी येते साडेसात आणि पंधराची. पंधराची ‘अर्धी’ दिली की पाचपट झालं. म्हणून कुत्र्यांसाठीचं पातळ औषध सिरिंजनं मोजून, पोटात अन्न असताना, आणि वजन करूनच द्यायचं. वजनासाठी कापूस तोलायचा काटाही चालतो.

डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. जनावरांसाठी त्यावर देशात २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडांसाठी आली, कारण हे औषध दिलेलं मेलेलं ढोर खाऊन गिधाडं संपत चालली होती. पण कुत्र्याच्या आतड्यालाही ते मानवत नाही. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली.

याहून जास्त भीती मला डेक्साची वाटते. गावात फिरून इंजेक्शन देणारा येतो, डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड टोचतो, कुत्रा तासाभरात तरतरीत दिसतो, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मेलोक्सिकॅम मिळतं आणि मालक कालचं इंजेक्शन सांगत नाही, कारण ते विचारलं जाईल असं त्याला वाटलेलंच नसतं. ही दोन औषधं लागोपाठ अंगात गेली तर आतड्याला भोक पडू शकतं. काळी, डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त दिसलं की औषध तिथंच थांबवा आणि फोन करा. आधी काय काय टोचलं ते सांगा, रिकामी बाटली सापडली तर ती घेऊनच या. कोणी रागावणार नाही.

ट्रामाडॉलबद्दल दोन शब्द. माणसात हे औषध यकृतात बदलून मग काम करतं. कुत्र्याच्या शरीरात तो कामाचा घटक फार कमी तयार होतो, म्हणून एकट्या ट्रामाडॉलच्या भरवशावर पाय कापलेला कुत्रा घरी पाठवू नये. शिवाय २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, गावातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलं नाही तर त्याच्याशी भांडू नका.

‘पाय गेला, दुखणं गेलं, तीन दिवसांनी औषध बंद.’

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट, एवढंच यात बरोबर. सूज उतरवणारं औषध साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतं. माणसांना नसलेल्या पायात कळा येतात, तसं कुत्र्यातही होत असावं असं मानायला जागा आहे: जखम छान भरलेली, आणि कुत्रा शांत झोपलेला असताना एकदम किंचाळून उठतो, मागं वळून नसलेल्या पायाच्या जागेकडे बघतो, तिथं चाटत सुटतो. ज्यांचा पाय कापण्याआधी बरेच दिवस दुखत होता, त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं. या नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिन देतात, दिवसातून दोनतीन वेळा, कधी काही आठवडे. ती एकदम बंद करायची नाही, कमी करत न्यायची. आणि माणसांसाठीचं पातळ गॅबापेंटिन कुत्र्याला देऊ नका. काही बाटल्यांत झायलिटॉल नावाची गोडी असते, ती त्याला विष आहे. कॅप्सूलच घ्या.

‘तीन पायांचा कुत्रा कामाचा नाही.’

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं. ९१ टक्के म्हणाले, स्वभाव बदलला नाही. ७८ टक्के म्हणाले, वाटलं होतं त्यापेक्षा चांगला सावरला. ते कुत्रे काही तुरीच्या शेतात रात्रभर डुकरांमागं धावत नव्हते, हे मी विसरलेलो नाही. पण जागल म्हणजे मुख्यतः कान आणि भुंकणं, आणि ते पायात नसतं. हाडाचा कॅन्सर छातीत पसरलेला असेल किंवा उरलेले पायही निकामी असतील, तर डॉक्टरकडून शांतपणे मरण देणं हा योग्य निर्णय असू शकतो. जंगलात सोडून देणं नाही. उपाशी मरायला जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानं गुन्हा आहे, आणि बिबट्याच्या भागात तर त्याचा निकाल एका रात्रीत लागतो.

गावात श्रेणी दोनचा दवाखाना असेल तर तिथं ही शस्त्रक्रिया होणार नाही. १९६२ या नंबरवर फोन करून जनावरांच्या दवाखान्याचं फिरतं पथक बोलवा किंवा तालुक्याला विचारा. मोठ्या कामाला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था आहे. निघण्याआधी डॉक्टरला एवढंच विचारा: नस बधिर करणार का, आणि घरी जाताना कोणतं औषध किती दिवस. कुत्रा घरी आला की शहाबादी फरशीवर जुनं पोतं टाका, तो घसरतो. एक घास कमीच घाला. चार पायांवर असताना कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. त्यातला एक गेला असेल, तर वाढलेला प्रत्येक किलो उरलेल्या एकट्या पायाच्या सांध्यावर येतो.