जमिनीपर्यंत न पोचणारं ऊन

नमस्कार. शुक्राच्या ढगांच्या माथ्यावरचा वेगवान वारा उन्हाच्या जोरावर टिकतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शुक्राचे ढग तीन-चतुर्थांश ऊन परत फेकतात, जमिनीवर जेमतेम अडीच टक्के पोचतं, मग वाऱ्यांचं श्रेय सूर्याला कशाला? ते ग्रहाच्या फिरण्याला द्या. आणि सूर्यच कारण असेल तर वारा दिवसाकडून रात्रीकडे वाहायला हवा, ग्रहाभोवती गोल का फिरतो?

तुमचे आकडे बरोबर आहेत. हिशेब आणखी पुढे नेऊ. शुक्रापाशी ऊन दर चौरस मीटरला सुमारे २६०० वॅट. त्यातून ७६ टक्के वजा करा आणि उरलेल्याला चारने भागा, कारण गोलाचं क्षेत्रफळ त्याच्या सावलीच्या चौपट असतं. उत्तर येतं १५६ वॅट. पृथ्वीचा आकडा याच रीतीने २४०च्या आसपास येतो. म्हणजे सूर्याच्या जवळ असूनही शुक्र आपल्यापेक्षा कमी ऊन पचवतो.

पण हे १५६ वॅट जिरतात कुठे? निम्म्याहून अधिक ६० किलोमीटरच्या वर, ढगांच्या माथ्याच्या पट्ट्यात. जमिनीच्या वाट्याला सरासरी १६-१७ वॅट. आपल्याकडे बहुतेक ऊन जमीन आणि समुद्र शोषतात आणि हवा खालून तापते. शुक्रावर ऊन मुख्यतः ढगातच जिरतं. ‘जमिनीवर पोचलं नाही म्हणजे वाया गेलं’ हे गृहीतक इथेच गडगडतं.

हवेत वरच्या वर जिरलेलं ऊन काय करू शकतं, ते पुण्यात घरबसल्या मोजता येतं. तुमच्या मोबाइलमध्ये वायुदाबाचा सेन्सर असेल तर तो टेबलावर ठेवा आणि सकाळी साडेदहा, दुपारी साडेचार, रात्री साडेदहा आणि (जमलं तर) पहाटे साडेचारला दाब टिपून ठेवा. पुण्यात आकडा ९४५-९५० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास दिसायला हवा. १०१० वगैरे दिसला तर ॲप समुद्रसपाटीला नेलेला दाब दाखवतंय. ती सेटिंग बंद करा. मोबाइल एकाच जागी हवा, कारण नऊ-साडेनऊ मीटर वर गेलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे एक मजला चढलात तरी वाचन बिघडलं. चार्जिंगला लावलेला तापलेला फोनही नको. जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नका, बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे सगळं झाकून टाकतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र आलेख स्वच्छ येतो: दोनदा चढ, दोनदा उतार, आणि दिवसाची उतरण तीनेक हेक्टोपास्कलची. शिमला ऑफिसातल्या, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेतल्या मंडळींना हे सवयीचं आहे.

या दिवसातून दोनदा येणाऱ्या लाटेचं मोठं कारण तापलेलं डांबर नव्हे. वर ओझोन आणि खाली बाष्प थेट ऊन शोषतात, तिथून लाट उठते आणि तुमच्या टेबलापर्यंत पोचते. हवेची ही भरती-ओहोटी चंद्राची नाही, उन्हाची.

शुक्रावर हेच, पण जोरात. ग्रह पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो, एका फेरीला २४३ दिवस. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला १.८ मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. ढगांच्या माथ्यावरचा वारा त्याच दिशेने सेकंदाला सुमारे १०० मीटर, चार दिवसांत पूर्ण प्रदक्षिणा. नुसत्या फिरण्यातून पन्नासपट वेग कुठून येणार? जमिनीलगत तर व्हेनेरा ९ आणि १० या सोव्हिएत यानांनी १९७५ साली सेकंदाला जेमतेम एक मीटरच्या आसपास वारा मोजला.

आता धक्का कसा बसतो ते पाहा. पश्चिमेकडे धावणाऱ्या त्या हवेच्या दृष्टीने सूर्य पूर्वेकडे सरकतो. उन्हाने उठलेली लाट सूर्याबरोबर सरकते, आणि वर-खाली पसरताना पूर्वेकडचा संवेग (गतीचा जोर) सोबत नेते. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, तसा लाट उठवणारा थर पश्चिमेकडे ढकलला जातो, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने. जपानच्या अकात्सुकी यानाच्या छायाचित्रांवरून ढगांचा वेग मोजून २०२० साली हे दाखवण्यात आलं: विषुववृत्ताजवळ ढगांच्या माथ्यावर वाऱ्याला टिकवून धरते ती मुख्यतः ही उन्हाची भरती; इतर लाटा आणि खळबळ उलट त्याला लगाम घालतात. ढगांच्या खालच्या थरांबद्दल वाद मिटलेला नाही. माझं विधान माथ्यापुरतंच होतं.

राहिला दिवसाकडून रात्रीकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा मुद्दा. शुक्राच्या दर चौरस मीटरवर साधारण दहा लाख किलो हवा आहे, आपल्याकडे दहा हजार. एवढी हवा एक अंशाने थंड करायला अंदाजे १.१ अब्ज ज्यूल काढावे लागतात. रात्र ५८ दिवसांची, बाहेर जाणारी उष्णता १६० वॅटच्या आसपास. गुणाकार करा: ८० कोटी ज्यूल, म्हणजे एक अंशही नाही. जमीन मध्यरात्रीही ४६० अंशांवरच असते. दिवस-रात्रीत फरकच नाही, तर खाली तो वारा वाहणार कशाच्या जोरावर?

तुम्हाला हवा तो वारा शुक्रावर आहे, फक्त १०० किलोमीटरच्या वर. तिथे हवा इतकी विरळ की रात्री ती खरोखर गारठते, उणे १५० अंशांच्याही खाली. दिवसाच्या बाजूला सुटे झालेले ऑक्सिजनचे अणू त्या वाऱ्याबरोबर रात्रीकडे येतात, खाली उतरताना पुन्हा जोडीने बांधले जातात आणि अवरक्त प्रकाश सोडतात. युरोपच्या व्हीनस एक्सप्रेस यानाने तो प्रकाश टिपला, आणि सरासरी काढली तर तो मध्यरात्रीच्या रेषेजवळ सर्वांत तेजस्वी आहे.