‘धाड टाका आणि आत टाका, ट्रेनिंग कशाला?’ : फिरत असलेल्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, आणि वकिलांच्या ग्रुपवरही आला, तिथे तर दोघातिघांनी अंगठे पण दिले. थोडक्यात मजकूर असा: पोलिसांना आणि सरकारी वकिलांना मानवी तस्करीचं ट्रेनिंग देणं म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी, वेश्याव्यवसाय हा गुन्हाच आहे तर धाड टाका आणि सगळ्यांना आत टाका, त्या बायका मर्जीने येतात, सोडवल्या तरी परत तिथेच जातात, कोर्टात उलटतात, आणि हे ट्रेनिंगचं खूळ परदेशी पैशावरच्या एनजीओंचं आहे, चहा-बिस्किटं आणि सर्टिफिकेट.

मी फौजदारी वकिली करते आणि पिटाच्या, म्हणजे वेश्याव्यवसायाबद्दलच्या कायद्याच्या, केसेसमध्ये आरोपीच्या बाजूनेही उभी राहिलेली आहे. त्यामुळे एक सांगू शकते की ज्याला हा कायदा शिकवलेला नाही असा तपास अधिकारी समोर आला की सगळ्यात खूश आरोपीचा वकील होतो. आता एकेक मुद्दा घेते.

‘वेश्याव्यवसाय हा गुन्हाच आहे’

नाही. पिटा म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, तो एकदा उघडून बघा. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं, बाईला या धंद्यात आणणं, तिला तिथे डांबून ठेवणं हे गुन्हे आहेत. सज्ञान बाईने स्वतः हे काम करणं हा तेवढ्यावर गुन्हा नाही, पण सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत केलं किंवा रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ७ आणि ८ लागतात. आणि वर्षानुवर्षं झालंय काय, तर पिटा म्हटलं की सोपं म्हणून ८ लावायचं, बाईला धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे दंड भरून घ्यायचा आणि आकडा दाखवायचा. दलाल आणि घरवाली (कुंटणखाना चालवणारी) संध्याकाळपर्यंत पुन्हा गादीवर.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने मालाडच्या एका धाडीत सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट सांगितलं, की या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध असं ठेवता येत नाही. ज्या मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने त्या वर्षभरासाठी आत राहणार होत्या त्यांनाही हा कायदा माहीत असायला हवा होता, म्हणजे ट्रेनिंग फक्त हवालदाराला नको, वरपर्यंत हवं.

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांचंही एक दुरुस्त करते. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात आदेश दिला तेव्हा ‘धंदा कायदेशीर झाला’ अशा बातम्या फिरल्या. तसं काही झालं नाही. पोलिसांनी या बायकांशी सन्मानाने वागावं, शिवीगाळ-मारहाण नको, कंडोम हा पुरावा धरू नये, नाव-फोटो मीडियात जाऊ नये, सुधारगृहात मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा घ्यावा, एवढं ताबडतोब पाळायला सांगितलं. धाडीत त्यांना अटक करू नये ही कोर्टाने नेमलेल्या समितीची शिफारस होती, पण तिच्यावर केंद्राचा आक्षेप होता आणि ती त्या वेळी लागू केलेल्या यादीत नव्हती. वकिलांमध्येच याबद्दल गोंधळ आहे, मग ठाण्यातल्या पीएसआयकडून काय अपेक्षा करायची.

‘धाड टाकायला काय शिकायचंय?’

बरंच काही. पिटाच्या कलम १३ प्रमाणे विशेष पोलीस अधिकारी लागतो आणि तो इन्स्पेक्टरपेक्षा खालचा चालत नाही. पिटाच्या गुन्ह्याचा तपास अशाच अधिकाऱ्याने करायचा हे सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय, आणि तरी आज सुद्धा दुसऱ्याच कुणीतरी केलेल्या तपासावर केसेस येतात आणि आम्ही पहिला अर्ज तोच टाकतो. कलम १५ मध्ये वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर आधी कारणं लिहून काढावी लागतात, पंचांमध्ये किमान एक बाई लागते, धाडीच्या टीमबरोबर किमान दोन महिला पोलीस लागतात, आत सापडलेल्या बाईची चौकशी महिला अधिकाऱ्याने करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्याच्या समोरच. महिला पंच मिळाली नाही म्हणून दर वेळी तीच एक ठरलेली बाई सही करते, मग उलटतपासात ‘ताई, ही कितवी धाड?’ एवढं विचारलं की पंचनाम्याचं काय होतं ते मी सांगायला नको.

‘बायका मर्जीने येतात’

काही येतात. काहींना आणलं जातं. काही फसून आल्या आणि आता दुसरं कुठे जाणार म्हणून थांबल्या. हे तिन्ही प्रकार एकाच खोलीत एकाच वेळी सापडतात आणि अधिकाऱ्याला त्या रात्रीत ते वेगळे करायचे असतात, खरं ट्रेनिंग ते इथेच लागतं.

आधी वय. आधार कार्डावर १९ लिहिलंय म्हणून विषय संपत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे, आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची चाचणी, जी नेमकं वय सांगतच नाही, अंदाज सांगते. न शिकलेला अधिकारी थेट चाचणीला पाठवतो, रिपोर्ट येतो १७ ते १९, संशयाचा फायदा आरोपीला, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) गेला. गावच्या शाळेत एक माणूस पाठवला असता तर जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेशनोंदींचा) उतारा मिळाला असता आणि मुलगी १५ ची निघाली असती.

मग संमती. तस्करीच्या कलमात, म्हणजे २०१३ च्या दुरुस्तीनंतरचं भादंवि (भारतीय दंड संहिता) ३७० आणि आता भारतीय न्याय संहितेचं १४३, धमकी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर, आमिष यातलं काही असेल तर पीडितेची संमती विचारातच घ्यायची नाही असं लिहिलेलं आहे. म्हणजे ‘मी मर्जीने आले’ हे तिचं पहिल्या रात्रीचं वाक्य लिहून घेऊन फाईल बंद करणं चूक, आणि ‘मला इथेच राहायचंय’ म्हणणाऱ्या ३० वर्षांच्या बाईला जबरदस्तीने ‘पीडित’ ठरवून डांबणं पण चूक. सांगलीतल्या सेक्स वर्कर्सच्या संघटना ही दुसरी बाजू वर्षानुवर्षं मांडतायत, ती पण या ट्रेनिंगमध्ये त्यांच्याच तोंडून ऐकवली पाहिजे असं माझं मत आहे.

परदेशी मुलींचं तर विचारूच नका. बांगलादेशी म्हटलं की लगेच घुसखोरीचा गुन्हा दाखल. केंद्रीय गृह मंत्रालयाचं १ मे २०१२ चं पत्रक आहे की जी तस्करीची बळी निघेल तिच्यावर तेव्हाच्या परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नका. ठाण्यात विचारून बघा कुणी वाचलंय का.

‘सोडवलं की काम झालं, पुढचं त्यांचं त्या बघतील’

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठी धाड पडली होती, कामाठीपुरा भागातून साडेचारशेच्या वर मुली आणि बायका काढल्या, त्यात नेपाळच्या खूप होत्या. पेपरात फोटो छापून आले. पुढे त्यांना ठेवायचं कुठे, तपासायचं कुणी, पाठवायचं कसं याची काहीच तयारी नव्हती, नेपाळ सरकार घ्यायला तयार होईना, महिनोन्महिने सुधारगृहात गेले आणि शेवटी जुलैमध्ये तिथल्या संस्थांनी सव्वाशेच्या वर मुली परत नेल्या. ‘सोडवल्या तरी परत जातात’ म्हणणाऱ्यांनी हे बघावं, आपण त्यांना नेमकं कुठे सोडलं ते.

आणि २००२ मध्ये तस्करीविरोधात काम करणाऱ्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की कुंटणखानेवालीचा वकील त्याच केसमधल्या सुटका झालेल्या मुलींचा वकील असू शकत नाही. सांगावं लागलं म्हणजे तोवर हे सर्रास चालत होतं! मुलीचा ‘मावशी’ म्हणून ताबा मागायला जी बाई येते ती कोण हे विचारायचं सुद्धा शिकवावं लागतं.

‘त्या कोर्टात उलटतात, सरकारी वकील काय करणार?’

हा मुद्दा मी जास्त गंभीरपणे घेते कारण आकडे खरंच वाईट आहेत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२० च्या अहवालात देशात तस्करीच्या १,७१४ केसेस, त्यातल्या १८४ महाराष्ट्रात. आरोपपत्र दाखल होण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आणि शिक्षा लागण्याचं १० ते ११ टक्के. म्हणजे कागद कोर्टापर्यंत पोचतात आणि तिथे पडतात.

का पडतात? कारण सगळी केस एकट्या मुलीच्या जबानीवर उभी केलेली असते. ती दोन वर्षांनी मुर्शिदाबादहून किंवा विजयपूरहून समन्सवर येणार, नवऱ्याला काय सांगून येणार, दलालाचा माणूस गावात जाऊन आलेला असणार, आणि समोर तीच घरवाली बसलेली असणार, मग ती म्हणते ‘मला काही आठवत नाही’. सरकारी वकील उठतात, साक्षीदार फितूर जाहीर करा म्हणतात आणि बसतात. अहो, बसता कशाला! फितूर साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, तिच्या साक्षीतला जेवढा भाग बाकी पुराव्याशी जुळतो तेवढा वापरता येतो. पण त्यासाठी बाकी पुरावा हवा, आणि तो पहिल्या आठवड्यातच गोळा करावा लागतो: खोलीचा भाडेकरार कुणाच्या नावावर, लाईट बिल कोण भरतं, यूपीआयचे पैसे कुणाच्या खात्यात जातात, लॉजचं रजिस्टर, रेल्वेचं तिकीट कुणी काढलं, दलालाच्या फोनचा कॉल रेकॉर्ड (सीडीआर), आणि मोबाईलमधल्या पुराव्याला लागणारं सर्टिफिकेट. ते एक सर्टिफिकेट नसल्यामुळे चांगले चांगले व्हॉट्सॲप चॅट वाया गेलेले मी बघितलेत, आणि आरोपीच्या बाजूने असताना त्याचा फायदाही घेतलाय, तो माझ्या कामाचा भाग आहे.

मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब लवकर घ्यायचा, व्हिडिओ कॉन्फरन्सवरून साक्ष मागायची, आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा मागायचा, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड सुनावणी मागायची, साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज टाकायचा, हे सगळं सरकारी वकिलाने मागितलं तर मिळतं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रं करायला सांगितली. मागितलंच नाही तर कोण देणार? आपल्याकडे सरकारी वकिलाच्या हातात फाईल बहुतेक वेळा आरोपपत्रानंतर येते, तेव्हा भोकं बुजवायची वेळ निघून गेलेली असते, म्हणून पोलीस आणि वकील यांना एका खोलीत एकाच केसवर शिकवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

‘परदेशी पैशाचं खूळ’

२००६ पासून दोनेक वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसीने (अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने) केंद्राबरोबर पोलीस आणि सरकारी वकिलांचं ट्रेनिंग केलं, महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते, पैसा अमेरिकेचा होता, बरोबर आहे. पण मानवी व्यापाराला बंदी आपल्या घटनेच्या कलम २३ मध्ये आहे, ती १९५० पासून. ती काय अमेरिकेने लिहिली?

‘चहा-बिस्किटं आणि सर्टिफिकेट’

हे मात्र बऱ्यापैकी खरं आहे. एका दिवसात ६० जण, चार भाषणं, इंग्रजी स्लाईड, दुपारी जेवणानंतर अर्धा हॉल झोपलेला, असली ट्रेनिंगं मी बघितलीत, एकात बोललेय सुद्धा. आणि ज्या इन्स्पेक्टरला खरंच चांगलं शिकवलं त्याची अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षातून बंदोबस्ताला नाहीतर ट्रॅफिकला बदली होते, त्याच्या जागी आलेल्याला पुन्हा कलम १३ पासून सुरुवात. पण याच्यावर उपाय ट्रेनिंग बंद करणं हा नाही. सुटलेल्या केसेसचे निकाल समोर ठेवून शिकवा, सरावासाठी नकली पंचनामा करायला लावा आणि आमच्यासारख्या बचावाच्या वकिलांना बोलवून तो फाडायला लावा, मराठीत शिकवा, आणि शिकलेल्या माणसाला निदान दोन वर्षं तिथून हलवू नका.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, ‘हप्ता खाणाऱ्याला शिकवून उपयोग काय?’ काहीच नाही. त्याच्यासाठी ट्रेनिंग नाहीच मुळी, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या त्याच कलम १४३ मध्ये वेगळं पोटकलम आहे, तस्करीत सामील असलेल्या पोलिसाला किंवा सरकारी नोकराला मरेपर्यंत जन्मठेप. ते लावायचं कसं हे सुद्धा कुणालातरी शिकवावं लागेल, कारण ते लागलेलं मी तरी अजून एकाही आरोपपत्रात पाहिलेलं नाही.